सामान बसलं, पण कामाला लागलं नाही

'नमस्कार. आमच्या घरी २०१४ साली परभणीहून असेंबल करून आणलेला कॉम्प्युटर आहे. चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. मुलगी त्याच्यावर मराठी ३० च्या टायपिंग परीक्षेचा सराव करते, मी बचत गटाचा हिशेब ठेवते. फार हळू चालायचा म्हणून भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन मागवून ८ जीबी रॅम आणि २४० जीबी एसएसडी बसवून दिली. तेव्हापासून त्रास वाढलाच आहे. स्पीडमध्ये काडीचा फरक नाही. कधी चालू होतो, कधी नुसता पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी. एसएसडी कुठं दिसतच नाही. रॅम १२ जीबी दाखवतो, पण त्याच्यापुढं ३.४१ जीबी वापरण्याजोगी असं लिहून येतं. लाईट जाऊन आली की तारीख २०१३ ची होते आणि बँकेची साइट उघडत नाही. कॅबिनेटला हात लागला तर मुंग्या येतात. गावातले दुकानदार म्हणतात, बोर्ड गेला, एवढ्या जुन्याला हात लावू नका, सेकंडहँड दुसरा घ्या. मिस्टर म्हणतात, आता एक रुपयाही घालायचा नाही. धाकट्याला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड पाहिजे. काय करावं?'
एक वाचक, मानवत

ताई, आधी दुकानदारांच्या बोलण्याचं बघू, कारण तुमचा निर्णय तिथंच अडला आहे. जो बोर्ड विंडोजपर्यंत पोचतो आणि दोन्ही रॅम मिळून १२ जीबी बरोबर मोजतो, तो गेला असं म्हणायला आधार नाही. तुमच्या पत्रातून मला दिसतं ते असं: भाच्यानं आणलेल्या दोन्ही वस्तू चांगल्या असाव्यात, पण त्यांतली एकही अजून कामाला लागलेली नाही. रॅम विंडोजला वापरता येत नाही. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, नुसती तारेला लटकून आहे, सगळा कारभार अजून जुन्या हार्ड डिस्कवरूनच चालतो. मग स्पीड वाढणार कुठून? बाकीच्या तक्रारी, म्हणजे तारीख बदलणं, मुंग्या येणं, काळी स्क्रीन, या बहुतेक आधीपासून घरात होत्या. कॅबिनेट उघडल्यावर त्या वर आल्या आणि नाव नव्या सामानाचं झालं.

सुरुवात मुंग्यांपासून करा. बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे नाही. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, आत शिरणारा वीजप्रवाह गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडं दोन छोटे कॅपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो पत्र्यावर तुंबतो आणि पत्र्याला मेन्सच्या जवळपास निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, झटका बसत नाही. पण उद्या एसएमपीएसच्या आत खरोखरच फेजची तार पत्र्याला टेकली, तर तो करंट घेऊन जायला दुसरी वाट नाही, हात लावणारं माणूसच आहे. शिवाय अशा पत्र्याला पेन ड्राइव्ह किंवा मॉनिटरची केबल लावताना जी बारीक ठिणगी पडते, तिनं पोर्ट खराब होऊ शकतात.

आपल्या भागात हे दुखणं घरोघरी आहे. तीन पिनांचा सॉकेट भिंतीत दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकामागं तार जोडलेलीच नसते. जोडलेली असली तरी अर्थिंगचा खड्डा दहा वर्षांत कुणी बघितलेला नसतो. काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, मातीनं रॉड सोडलेला असतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनला बोलवा. तो फेज आणि अर्थिंगच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावून बघेल. न्यूट्रलवर बल्ब जसा पेटतो तसाच तिथंही पेटला पाहिजे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर खड्डा दुरुस्त करून घ्या, मीठ-कोळसा भरा आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी टाकत चला. 'न्यूट्रलच अर्थिंगच्या पिनेला जोडून देतो, मुंग्या थांबतील' असं तो म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणा. मुंग्या थांबतील खऱ्या, पण मागं कुठं न्यूट्रल तुटला तर आख्खं कॅबिनेट फेजवर येईल. यूपीएस वापरत असाल तर त्याची पिनही तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये घाला, दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डात नको. हे काम होईपर्यंत मुलांना चालू कॉम्प्युटरच्या मागं हात घालू देऊ नका.

आता तारखेचं. हे सगळ्यांत सोपं आहे आणि सगळ्यांत जास्त घोळही यानंच घातलेला असतो. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा चपटा गोल सेल असतो, ३ व्होल्टचा. घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममधली, सेटिंग लक्षात ठेवणं हे त्याचं काम. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत बोर्डाला एसएमपीएसकडून थोडी वीज मिळत राहते, म्हणून सेल मेलेला असला तरी कळत नाही. लाईट गेली की सगळा भार सेलवर येतो आणि अकरा-बारा वर्षांचा सेल तिथं हात टेकतो. तारीख बोर्ड बनला त्या काळात मागं जाते. बँकेच्या साइटला जे सुरक्षा प्रमाणपत्र असतं त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमचा कॉम्प्युटर २०१३ मध्ये बसलेला आहे, त्याच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही.

सेल शंभराच्या आत मिळतो. घड्याळाच्या दुकानातही मिळेल, फक्त बरणीतला सुटा घेऊ नका, पाकीटबंद घ्या. प्लग काढा, सेलच्या कडेची पत्र्याची पट्टी नखानं बाजूला केली की तो वर उचलतो. नवा घालताना अधिकची खूण वर ठेवा. मग कॉम्प्युटर चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहा. बहुतेक बोर्डांत बायोस यानंच उघडतं, काहींत एफ२ नं. तारीख-वेळ लावा आणि साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतो, काय आहे ते वहीत लिहून ठेवा. आयडीई लिहिलेलं असो की एएचसीआय, आत्ता बदलू नका. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलेलं आहे त्याऐवजी दुसरा मोड लावला तर ते सुरू होताना निळ्या स्क्रीनवर आपटू शकतं. आणि हीच भानगड मेलेल्या सेलमुळं आपोआप होते. लाईट गेली, सेटिंग पुसली गेली, मोड किंवा डिस्कचा क्रम बदलला, काल चालणारं मशीन आज विंडोजपर्यंत जात नाही, आणि निदान होतं 'बोर्ड गेला'.

काळी स्क्रीन हा तुमच्या पत्रातला मोठा प्रश्न, त्याच्यावर जरा थांबू.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही, आणि हे कधी होतं कधी नाही, म्हणजे पहिला संशय रॅमच्या बैठकीवर. मानवत म्हणजे कापसाचा गाव. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेत जे तंतू असतात ते कॅबिनेटच्या जाळीतून आत जातात आणि रॅमच्या खाचेत, पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरच्या कूलरमध्ये बसतात. अशा भागातल्या मशीनचा कूलर उघडून बघा: वरून पंखा नुसता धुळकट दिसतो, तो उचलला की खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर घोंगडीसारखा सलग थर असतो, बोटानं धरून एका तुकड्यात उचलता येतो. पंखा फिरतो, पण वारा त्या थरावरच आपटून परत येतो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, फारच तापला की बंद पडतो. मे महिन्यात खोलीतच ४०-४२ अंश असताना हे लवकर होतं. तुमच्या हळू चालण्यात याचाही वाटा असणार.

साफसफाई घरीच करा. प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. खिडकीच्या लोखंडी गजाला किंवा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून घ्या, अंगावरची स्थिर वीज जाते. नायलॉनची साडी किंवा लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका. मऊ ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरे. फुंकताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या नळीखाली सीपीयू नेण्याची पद्धत आपल्याकडं फार आहे. ती टाळाच. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते हवेबरोबर थेट बोर्डावर उडतं आणि दाबही फार असतो.

कूलर मात्र उखडून काढू नका. इंटेलच्या कूलरच्या प्लॅस्टिकच्या चार खुंट्या इतक्या वर्षांत ठिसूळ झालेल्या असतात. तुटल्या तर कूलर नीट बसत नाही. वरूनच थर काढा, बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर प्रोसेसरचं तापमान बघा. दहा मिनिटं तिथंच ठेवूनही ते साठच्या खाली राहत असेल तर जुनी थर्मल पेस्ट तशीच राहू द्या. सत्तर-ऐंशीकडं चढत असेल तर पेस्ट बदलायचं काम हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या.

मग रॅम. दोन्ही पट्ट्या काढा. त्यांच्या खालच्या सोनेरी पट्टीवर काळपट झाक दिसते का बघा. पांढऱ्या मऊ खोडरबरानं दोन्ही बाजू हलक्या हातानं पुसा, रबराचा चुरा ब्रशनं झटका, बोट त्या पट्टीला लावू नका. खाचेतही ब्रश फिरवा. आता जुनी ४ जीबीचीच पट्टी एका खाचेत बसवा. डीडीआर३ च्या पट्टीला मध्यापासून थोडी बाजूला खूण कापलेली असते, ती जुळली नाही तर पट्टी उलटी आहे, जोर लावू नका. जुळली की दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबा, क्लिप वाजली पाहिजे. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते आणि तिथं फसगत होते: क्लिपकडचं टोक बसतं, दुसरं टोक अर्धवट वर राहतं, चालू केलं की काळी स्क्रीन. टॉर्च लावून खाली वाकून बघा, सोनेरी पट्टी दोन्हीकडं सारखी आत गेलेली दिसली पाहिजे.

एकाच पट्टीवर चार-पाच वेळा बंद-चालू करा. मग ती काढून नवी ८ जीबीची त्याच खाचेत, मग दुसऱ्या खाचेत, मग दोन्ही. एका वेळी एकच बदल, आणि काय झालं ते वहीत. असं केलं की पट्टी वाईट, खाच वाईट की नुसती धूळ होती हे तासाभरात कळतं. दोन्हींवर डिस्प्ले स्थिर आला तर रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, म्हणजे विंडोजमधलीच रॅमची तपासणी, लावून झोपा, सकाळी निकाल मिळेल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत नव्या पट्टीवर १६०० आणि १.५ व्होल्ट दिसतं, म्हणजे एच८१ ला चालणारी आहे. तो बोर्ड दोन खाचांत ८-८ मिळून १६ जीबीपर्यंत घेतो. इतर वाचकांसाठी एक सूचना: ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्यांवर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असतं. त्यांतल्या चिपांची रचना वेगळी असते, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत आणि दोष बोर्डाला लागतो.

जुनी पट्टी एकटी, हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्हींच्या तारा काढलेल्या, नवा सेल, आणि तरीही कधीकधी काळी स्क्रीन, असं असेल तर संशय एसएमपीएसवर जातो. बायोसमध्ये व्होल्टेज दिसतात: १२ ची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवी. बोर्डावर उभे नळकांडीसारखे कॅपॅसिटर असतात, त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी गळलेली दिसली तर मग दुकानदारांचं म्हणणं खरं मानायला जागा आहे. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद असतानाही आत धोक्याइतका भार उरलेला असतो. मागं तांबडा ११५/२३० चा खटका असेल तर तो २३० वरच राहू द्या. दुकानात दुसरा चालू एसएमपीएस लावून बघायला सांगा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, ती न करता कुणी बोर्डाचं नाव घेत असेल तर दुसरीकडं दाखवा.

आता ३.४१ चं कोडं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. तिथं 'सिस्टिम टाइप'समोर '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं दिसेल. दिसलं की समजा, प्रोसेसर ६४-बिटचा आहे, पण कुणीतरी विंडोज ३२-बिटचं टाकलं आहे. ३२-बिट विंडोज १० ला एकूण ४ जीबीपर्यंतचेच पत्ते माहीत असतात, त्यांतले काही ग्राफिक्स आणि बोर्डावरच्या इतर भागांना जातात, राहतात साडेतीनच्या आत. तुम्ही १२ घाला नाहीतर १६, आकडा तोच राहील. ३२ वरून ६४ वर जायला अपडेटचा रस्ता नाही, विंडोज नव्यानंच टाकावं लागतं.

हे ऐकून कटकट वाटेल, पण इथंच तुमचे दोन प्रश्न एका कामात सुटतात. विंडोज नव्यानं टाकायचंच आहे तर ते एसएसडीवर ६४-बिटचं टाका. एसएसडी 'दिस पीसी'मध्ये दिसत नाही याचं कारण बहुधा इतकंच की ती कोरी आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली 'नॉट इनिशियलाइज्ड' अशी २२३ जीबीच्या आसपासची डिस्क दिसेल. २४० ची २२३ कशी, म्हणून भाच्याला बोल लावू नका. कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तिथंही दिसली नाही, बायोसमध्येही दिसली नाही, तर डेटाची केबल बदलून बघा, मग बोर्डावरचा पोर्ट. एच८१ वर दोन पोर्ट ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे असतात, एसएसडीला ६ चा द्या. वीज देण्यासाठी भाच्यानं चार पिनांवरून साटा करणारा जोड वापरला असेल, तर त्याचं टोक नीट बघा. तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून पक्क्या केलेले स्वस्त जोड आतून शॉर्ट होऊन वितळतात, धूरही निघतो. तसला असेल तर काढून टाका. एसएमपीएसचंच मोकळं साटा टोक शोधा, किंवा प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेला जोड घ्या.

एसएसडीवर विंडोज आलं की फरक तुम्हाला न मोजता कळेल. जुन्या हार्ड डिस्कमध्ये सुई तबकडीवर जागा शोधत हिंडते, विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली लागतात, सगळा वेळ त्या हिंडण्यात जातो. एसएसडीत हिंडणंच नाही. या मशीनसाठी हीच खरी सुधारणा. रॅम तिच्यानंतर.

त्याआधी बॅकअप. बचत गटाच्या हिशेबात इतर बायांचे पैसे आहेत, म्हणून यात कसूर नको. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' असेल तर ठीक. पिवळं 'कॉशन' असेल तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढा, बाकी कामं नंतर. हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर आणि गुगल ड्राइव्हवर, दोन्हीकडं ठेवा, चालू महिन्याची प्रिंटही काढा. फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, ब्राउझरमधले पासवर्ड. आणि एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांची हमखास राहते, ती म्हणजे फॉन्ट. जुन्या फायली युनिकोडमध्ये नसतील, त्या काळच्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्टशिवाय नव्या विंडोजवर त्या उघडल्या की नुसती इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधले फॉन्टही कॉपी करून घ्या.

विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. एक तर चुकून तीच फॉरमॅट होत नाही, आणि दुसरं म्हणजे विंडोजच्या सुरुवातीच्या फायली एसएसडीवरच पडतात. साटा मोड आयडीई असेल तर तो आत्ता, नवं टाकण्याआधी, एएचसीआय करा. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज तयार करता येतं. बूट करताना ज्या नावाआधी 'यूईएफआय' लिहिलं असेल ते निवडा. तुमचं विंडोज अस्सल, ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर तीच आवृत्ती ६४-बिटमध्ये टाकल्यावर नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होते, बोर्ड तोच आहे म्हणून. कुणी 'ॲक्टिव्हेटर मारून देतो' म्हटलं तर घेऊ नका. ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार आहात.

जुनी हार्ड डिस्क नंतर जोडा, फोटो ठेवायला कामाला येईल. प्रिंटरचा ६४-बिटचा ड्रायव्हर वेगळा लागतो, कंपनीच्या साइटवरून तो आधीच उतरवून ठेवा.

एक अडचण मी झाकून ठेवणार नाही. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जी सोय मायक्रोसॉफ्टनं दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा आहे. आडवाटेनं टाकून देणारे भेटतील. घरात बँकेचं काम होत असताना मी ते सुचवणार नाही. माझं मत असं: मुलीच्या सरावासाठी विंडोज १० ठेवा, कारण टायपिंग संस्थांची सरावाची सॉफ्टवेअर विंडोजसाठीच असतात. आणि एसएसडीवर ५० जीबी जागा सोडून शेजारी लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, इंटरनेट आणि बँक तिथून. मिंट मोफत आहे, २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि १२ जीबी रॅमवर हे मशीन त्यात चांगलं पळेल. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता.

भाऊजींना सांगा, खर्च म्हणून सेल, फार तर एक केबल, आणि वायरमनची मजुरी. ती मजुरी कॉम्प्युटरची नाही, घराची आहे. एसएमपीएस खराब निघाला तर तो चांगल्या कंपनीचा घ्या, तो आणि एसएसडी पुढच्या मशीनमध्येही वापरता येतील. डीडीआर३ रॅम मात्र पुढं कुठं चालणार नाही, म्हणून रॅमवर आता आणखी पैसा नको. बोर्ड खरोखर गेलेला निघालाच, तर दुसरा जुना एच८१ शोधत बसू नका. तिथं थांबा, आणि कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला आठव्या पिढीचा किंवा पुढचा, बिल आणि वॉरंटी देणारा नूतनीकृत डेस्कटॉप घ्या. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेले आहेत, तेव्हा तुमची एसएसडी जपून ठेवण्याजोगी वस्तू आहे.

धाकट्याला ग्राफिक्स कार्ड नको. दोन कोअरचा आय३ आणि लोकल एसएमपीएस यांच्यावर ते कार्ड नीट चालणार नाही आणि भार त्याच एसएमपीएसवर पडेल ज्याच्यावर आपला आधीच संशय आहे. सगळं सुरळीत झाल्यावर पुढच्या वर्षी हौस करायचीच झाली तर याच बोर्डावर बसणारा जुना आय५-४५७० बघा, चार कोअरचा. तो अभ्यासालाही उपयोगी पडेल. धाकट्याला हे असंच सांगा, तुमच्या तोंडून नाही पटलं तर हे पान दाखवा.

मुलीच्या परीक्षेची तारीख तुम्ही कळवलेली नाही. परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी, म्हणजे तिची टायपिंगची परीक्षा, महिन्याभरावर आली असेल तर आत्ता फक्त अर्थिंग, सेल, साफसफाई आणि रॅमची बैठक एवढंच करा, आणि तिला आहे त्याच ३२-बिट विंडोजवर सराव पुरा करू द्या. संस्थांची काही सॉफ्टवेअर एका मशीनवर नोंदवलेली असतात, विंडोज बदललं की नोंदणी पुन्हा लागते, आणि ऐन परीक्षेत संस्थेच्या सरांमागं फिरण्यात तिचा वेळ जायला नको. सेटअपची फाइल आणि नोंदणी क्रमांक आजच मागून घ्या. परीक्षा झाली की एखाद्या रविवारी, लाईटचं वेळापत्रक बघून, भाच्याला बोलवा.